वय कसलं मोजताय, तब्येत मोजा!

तुमच्या सोसायटीत उभी असलेली खासगी कार शोरूममधून बाहेर पडली त्या दिवसापासून पुढची 15 वर्षं तिचे ब्रेक, स्टिअरिंग, टायर, सस्पेन्शन सरकारच्या वतीनं कुणीही तपासत नाही. एकदाही नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानं खासगी गाडीला 15 वर्षांची नोंदणी देऊन टाकली आणि विषय संपवला. मधल्या काळात ती गाडी तीनदा विकली गेली, दोनदा ठोकली गेली, एकदा पुराच्या पाण्यात बुडाली, तरी चालतं. फॉर्म 29, फॉर्म 30, इन्शुरन्स, पीयूसी. कागद बदलले की मालक बदलला. गाडी कशी आहे, हे विचारणारा रकाना त्यात कुठेच नाही.

रिक्षावाल्याला, टेम्पोवाल्याला मात्र फिटनेस आहे. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे पोटासाठी चालवली तर गाडी धोकादायक आणि हौसेसाठी चालवली तर सुरक्षित, असा आपल्या कायद्याचा हिशेब आहे. अहो, खंबाटकीच्या उतारावर दोघांचेही ब्रेक सारखेच लागायला हवेत ना?

हा विषय आज काढायचं कारण म्हणजे हायब्रिड गाड्या.

2022 मध्ये होंडा सिटीची हायब्रिड, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा आल्या. मागोमाग इनोव्हा हायक्रॉस आली. वेटिंगवर नाव लावून लोकांनी त्या घेतल्या. त्या पहिल्या गाड्या आता सेकंड हँड बाजारात यायला लागल्यात. आणि दर पंधरा दिवसांनी कुणीतरी मला मेसेज टाकतं, "दादा, जुनी हायब्रिड मिळतेय, घेऊ का? अ‍ॅव्हरेज भारी आहे म्हणतात."

माझं उत्तर ठरलेलं आहे. गाडी चांगली असेल तर जरूर घ्या. पण ती चांगली आहे की नाही हे तुम्हाला या देशात कुणीही खात्रीनं सांगू शकत नाही. विकणारा सांगणार नाही, एजंट सांगणार नाही, आणि आरटीओला तर विचारायचा अधिकारच तुम्हाला नाही, कारण त्यांच्याकडे माहितीच नाही.

आता जिथं ही माहिती असते, तिथं काय होतं ते बघू.

मी कामानिमित्त सहा वर्षं इंग्लंडमध्ये होतो. तिथं आठ वर्षं जुनी टोयोटा ऑरिस हायब्रिड घेतली. मालकाला फोन करायच्या आधीच मी तिचा नंबर सरकारी वेबसाइटवर टाकला. फुकट. ना लॉगिन, ना ओटीपी, ना कुणाची परवानगी. समोर त्या गाडीच्या सगळ्या तपासण्या उघड्या. कोणत्या तारखेला तपासली, तेव्हा मीटरवर किती मैल होते, पास की नापास, नापास तर कशासाठी. एका वर्षी शेरा होता, पुढचा डावा टायर संपत आलाय. पुढच्या वर्षी तो शेरा गायब, म्हणजे टायर बदलला. दोन वर्षं लागोपाठ शेरा होता, मागच्या ब्रेक डिस्कवर गंज. म्हणजे त्या बदललेल्या नाहीत. मग मी मालकाकडे गेलो ते सरळ डिस्कच्या किमतीवरच बोलायला. त्यानंही वाद घातला नाही. घालणार कसा? सरकारी नोंदच समोर होती.

या तपासणीला तिथं एमओटी म्हणतात. मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टची तपासणी, म्हणून ते नाव. 1960 मध्ये सुरू झाली तेव्हा फक्त दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना होती. अनुभव आला तसतशी मर्यादा खाली आणली आणि 1967 पासून ती तीन वर्षांवर आहे. आजही नवी गाडी तीन वर्षांची झाली की पहिली एमओटी, मग दरवर्षी. मध्यंतरी पहिली तपासणी चौथ्या वर्षावर न्यावी का, असा प्रस्ताव तिथल्या सरकारनं लोकांपुढे ठेवला होता. 2024 च्या सुरुवातीला सरकारनंच तो बाजूला ठेवला. कारची फी जास्तीत जास्त 54.85 पौंड, म्हणजे आपले सहा हजारांच्या आसपास. बरीच गॅरेजं त्याहून कमी घेतात.

आणि ही तपासणी म्हणजे शिक्का मारायचा सोपस्कार नाही. पहिल्या फेरीत चारातल्या एकापेक्षा जास्त गाड्या नापास होतात. कशावर? दिवे, सस्पेन्शन, ब्रेक, टायर. म्हणजे इंजिन फुटलं वगैरे काही नाही. तुमच्या-माझ्या गाडीत आत्ता या क्षणी असतील असेच दोष.

मग त्यात जुनी हायब्रिड कशी निघते? आपल्याकडे हायब्रिडविषयी दोनच मतं ऐकू येतात, एक शोरूमच्या सेल्समनचं आणि एक कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचं. "काही होत नाही साहेब" आणि "हात लावू नका साहेब". वर्षानुवर्षांच्या तपासण्यांतून दिसणारं चित्र यापेक्षा बरंच वेगळं आहे.

पहिलं, ब्रेक. हायब्रिड गाडी वेग कमी करताना मोटरच जनरेटरसारखी फिरवून बॅटरी चार्ज करते. त्यामुळे ब्रेक पॅड कमी झिजतात. सेल्समन इथपर्यंत सांगतो. पुढचं तो सांगत नाही. डिस्क कमी घासली जाते म्हणून तिच्यावर गंज बसतो, विशेषतः मागच्या चाकांना. रोलरवर चाक फिरवून ब्रेकची ताकद आकड्यात मोजली की हे कळतं. नुसतं "ब्रेक लागतायत ना?" विचारून कळत नाही. आता हीच गाडी रत्नागिरीत किंवा अलिबागला चार पावसाळे काढलेली असेल, तर काय होत असेल विचार करा.

दुसरं, टायर, बुश, बॉल जॉइंट, दिवे. यात हायब्रिडला काही वेगळं नाही. ती इतर गाड्यांसारखीच झिजते आणि इतर गाड्यांसारखीच नापास होते. हायब्रिड आहे म्हणून तिला कुणी ओवाळत नाही.

तिसरं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. हायब्रिडचं इंजिन कमी चालतं, त्यामुळे कन्व्हर्टरमधले मौल्यवान धातू चांगले टिकतात. चोरांना हे आपल्याआधी कळलं. ब्रिटनमध्ये प्रियस, ऑरिस आणि होंडा जॅझ हायब्रिडच्या पोटाखालून रातोरात कन्व्हर्टर कापून न्यायचा धंदाच सुरू झाला. एमओटीत तपासनीस तो जागेवर आहे का ते बघतो. नसेल तर गाडी नापास. आपल्याकडे कुणी काढून घेतला आणि साधा पाइप जोडून दिला, तर पुढच्या मालकाला कोण सांगणार?

चौथं, डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे. इंजिन, एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग. दिवा पेटलेला असेल तर तिथं गाडी नापास होते. आपल्याकडे त्याच दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून गाडी विकली जाते.

तर जुनी हायब्रिड वार्षिक तपासणीत बरी निघते. पण ती बरी निघते कारण दरवर्षी कुणीतरी बघतं आणि सांगितलेली दुरुस्ती मालकाला करावीच लागते. त्यात गाडीच्या तंत्रज्ञानाइतकंच श्रेय तपासणीचं आहे. आपण गाडी आयात केली आणि तपासणी तिकडेच ठेवून आलो.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण तिकडचं सगळं सोन्याचं, असं म्हणायची मला हौस नाही. एमओटीत हायब्रिडच्या बाबतीत दोन मोठी भोकं आहेत.

एक, साध्या पेट्रोल गाडीच्या धुराचं यंत्रानं मोजमाप होतं, हायब्रिडला त्यातून सूट आहे. दुसरं भोक जास्त महत्त्वाचं. हायब्रिडची मोठी बॅटरी किती शिल्लक आहे हे एमओटी तपासतच नाही. तपासनीस वरवर दिसेल तेवढं बघतो, काही उघडत नाही. त्यामुळे बॅटरी शेवटच्या घटका मोजत असली तरी गाडी पास होऊ शकते. एमओटी पास याचा अर्थ गाडी त्या दिवशी रस्त्यावर चालवायला सुरक्षित होती, एवढाच. टोयोटा कंपनी तिथं ही उणीव स्वतःच्या तपासणीनं भरून काढते. दरवर्षी त्यांच्याकडे बॅटरीची तपासणी करून घेतली की बॅटरीचं संरक्षण आणखी एकेक वर्षानं वाढवून मिळतं. जुनी हायब्रिड घेणारा शहाणा माणूस तिथं हे दोन्ही कागद मागतो.

आपल्याकडे तो शहाणा माणूस काय मागणार? पीयूसी?

त्या पीयूसीची एक गंमत सांगतो. मित्राच्या हायब्रिडची पीयूसी काढायला त्याच्यासोबत गेलो होतो. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातलं केंद्र. पोरानं सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि म्हणाला, "काका, गाडी चालू करा." मित्र म्हणाला, "चालूच आहे." पोरगं कान लावून ऐकतंय, इंजिन शांत. हायब्रिड उभी असताना, बॅटरीत चार्ज असेल तर इंजिन बंदच असतं. तोच तर तिचा मोठेपणा. पोरानं एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा मागच्या रांगेकडे बघितलं, नंबर प्लेटचा फोटो काढला आणि प्रमाणपत्र हातात दिलं. सगळे आकडे नियमात. बंद इंजिनाचं प्रदूषण प्रमाणित झालं!

त्या पोराचा राग मला आला नाही. त्याला कुणी शिकवलंच नाही. पेट्रोल गाडीची पीयूसी ही आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू, अशा अवस्थेतली तपासणी आहे. बीएस-4 आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के. हायब्रिडचं इंजिन तपासायचं तर ते मुद्दाम चालू ठेवावं लागतं. प्रियससारख्या गाड्यांत त्याची ठरलेली रीत आहे. पार्किंगमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबायचा, न्यूट्रलमध्ये दोनदा, परत पार्किंगमध्ये दोनदा, मग गाडी सुरू करायची. इंजिन चालू राहतं. मिनिटभराचं काम. पण हे परवाना देणाऱ्या खात्यानं केंद्रांना शिकवायला हवं, त्यांच्या भिंतीवर लावायला हवं. खात्याचा भर सर्टिफिकेटच्या दंडावर, सर्टिफिकेटच्या खरेपणावर नाही.

म्हणजे बघा, खासगी गाडीसाठी आपल्याकडे मधल्या काळात एकच तपासणी आहे आणि ती नेमकी याच गाडीवर आंधळी आहे.

आता पावसाकडे येऊ. 2019 ला सांगली-कोल्हापूर, 2021 ला चिपळूण, 2024 ला पुण्यात सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी. दर दोन-तीन वर्षांनी कुठेतरी गाड्या टपापर्यंत पाण्यात जातात. पाणी ओसरल्यावर त्या गाड्यांचं काय होतं? काही भंगारात जातात. बाकीच्या धुवून, पुसून, सीटची कव्हरं बदलून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. साध्या पेट्रोल गाडीत यामुळे वायरिंग सडतं, डोकेदुखी होते. हायब्रिडमध्ये त्याच फरशीखालून, सीटखालून दोनशे व्होल्टच्या आसपासची किंवा त्याहून जास्त दाबाची यंत्रणा जाते. केशरी रंगाच्या त्या जाड केबल दाखवण्यासाठी नसतात, "हात लावू नका" म्हणून तो रंग असतो. बुडालेल्या हायब्रिडची बॅटरी आणि तिचे जोड कुणी तपासले? त्याची नोंद कुठे आहे? घेणाऱ्या माणसाला ती नोंद बघायचा हक्क आहे का? तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच, नाही.

मग आपलं सरकार तपासतं तरी काय? वय.

दिल्लीचं उदाहरण ताजं आहे. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल ही रेघ कायम केली. 1 जुलै 2025 ला तर पंपावर कॅमेरे लावून अशा गाड्यांना तेल नाकारायला सुरुवात झाली. लोक इतके भडकले की आठवडाभरात ते पुढे ढकलावं लागलं, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की केवळ वयावरून तूर्त सक्तीची कारवाई नको. या सगळ्या गोंधळात ज्या गाड्या दिल्लीतून हद्दपार झाल्या त्या गेल्या कुठे? एनओसी घेऊन स्वस्तात इतर राज्यांत गेल्या, आपल्याकडेही आल्या. दिल्लीला नको असलेला धूर बाकीच्यांना चालतो, असं समजायचं का?

या वयाच्या रेघेत हायब्रिड बसवून बघा. पंधरा वर्षांत इंजिन निम्मा वेळ बंद राहिलेली, वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली हायब्रिड आणि पाच वर्षांत टॅक्सीसारखी पिदाडलेली, बिघडलेल्या इंजेक्टरची डिझेल एसयूव्ही. कायद्याच्या नजरेत पहिली म्हातारी, दुसरी तरणीताठी. डॉक्टर जर जन्मतारीख बघून औषध द्यायला लागला तर आपण त्याच्याकडे परत जाऊ का?

आणि जिथं बंदी नाही तिथं फी आहे. एप्रिल 2022 पासून 15 वर्षं झालेल्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 600 वरून 5,000 रुपये झाली. 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या कारची 10,000 झाली. वय वाढलं की फी वाढते. त्या वाढीव पैशात गाडीच्या तपासणीचा दर्जा किती वाढला, हे ज्यांनी नूतनीकरण करून घेतलंय त्यांनीच कमेंटमध्ये सांगावं.

आता तुमच्या मनात काय आलंय ते मला माहीत आहे. "दरवर्षी तपासणी आणलीत म्हणजे आरटीओला दरवर्षी हप्ता." बरोबर आहे. हा आक्षेप खोटा नाही. रिक्षा-ट्रकचे ब्रेक तपासायला आरटीओत 250 मीटरचा ट्रॅक असावा, एवढी साधी गोष्ट करून घ्यायला आपल्याकडे उच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. अशा खात्याच्या हातात आणखी कोट्यवधी खासगी गाड्या द्यायच्या, या कल्पनेनंच अंगावर काटा येतो.

पण भ्रष्टाचार होतो कुठे? तर जिथं तपासणारा एकटा असतो, निकाल बंद फाइलीत असतो आणि तो निकाल पडताळून बघण्यात कुणालाच रस नसतो. ब्रिटनमध्ये तपासणी खासगी गॅरेजं करतात, तीच दुरुस्तीही करतात. म्हणजे नापास करून पैसे उकळायची पूर्ण सोय! तरी व्यवस्था टिकून आहे, कारण प्रत्येक निकाल उघडा आहे. निकाल पटला नाही तर अपील करता येतं. काही नगरपालिकांची अशी केंद्रं आहेत जी फक्त तपासतात, दुरुस्ती करतच नाहीत, आणि जाणकार लोक मुद्दाम तिथं जातात. चोऱ्या तिथंही होतात. गाडी न बघताच दिलेल्या सर्टिफिकेटला तिथं "घोस्ट एमओटी", म्हणजे भुताची एमओटी म्हणतात आणि देणारे कोर्टात जातात. पण ते पकडले जातात ते नोंदी उघड्या आहेत म्हणूनच.

गंमत म्हणजे, आपल्याकडे यासाठी लागणारा अर्धा कायदा तयार आहे. केंद्रानं 2021 मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले. ब्रेक, धूर, हेडलाइट, सगळं यंत्रानं. केंद्र चालवणाऱ्याला गाडी दुरुस्त करायला किंवा विकायला मनाई. निकाल थेट संगणकात. कागदावर हे ब्रिटनपेक्षाही चांगलं आहे! पण ते व्यावसायिक वाहनांच्या फिटनेससाठी. त्याच्याही तारखा पुढे ढकलल्या गेल्या. आणि निकाल संगणकात गेला तरी घेणाऱ्याला काय दिसतं? ॲपवर फिटनेस कधीपर्यंत आहे ती तारीख. कशावर नापास झाली होती, मीटर किती होतं, ब्रेकची ताकद किती भरली, हे नाही दिसत. तारीख दाखवायची आणि तब्येत लपवायची!

दुसरा आक्षेप, "अपघात गाडीमुळे कमी आणि चालवणाऱ्यामुळे जास्त होतात." मान्य. वेग, दारू, उलट्या दिशेनं येणारे वीर, हेल्मेट नसणं, ही कारणं मोठी आहेत. पण 2022 मध्ये या देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. सरकारी आकडा आहे. एवढ्या मोठ्या आकड्यातला छोटा हिस्सा म्हणजेही हजारो घरं. आणि ज्या गाडीचे ब्रेक कुणी कधी मोजलेच नाहीत, तिच्या अपघाताच्या पंचनाम्यात ब्रेकचा दोष येणार तरी कसा? चालकाचं नाव लिहून मोकळं होणं सोपं असतं.

तिसरा आक्षेप, "मध्यमवर्गाच्या खिशाला आणखी एक भोक." याचा हिशेब उलटा करून बघा. तपासणीची फी दीड-दोन हजार ठेवली तरी ती एका टायरच्या किमतीपेक्षा कमी. बारा-पंधरा लाखांची जुनी हायब्रिड आंधळेपणानं घेऊन वर्षभरात बॅटरी बदलायची वेळ आली, तर जे भोक पडेल ते कुणी मोजलंय? मीटर मागे फिरवलेली गाडी घेऊन जो फसतो, तो श्रीमंत नसतो. श्रीमंत नवी घेतो. उघड्या नोंदीचा सगळ्यात मोठा फायदा आयुष्यात पहिल्यांदा गाडी घेणाऱ्या घराला आहे.

चौथा, "एवढ्या गाड्या तपासायची यंत्रणा कुठून आणणार?" अहो, 2019 पूर्वीच्या प्रत्येक वाहनाला नवी नंबर प्लेट लावायला याच राज्यानं सगळ्यांना रांगेत उभं केलं ना? मुदतवाढीवर मुदतवाढ देऊन, पण उभं केलं. पाटी बदलायला यंत्रणा सापडते, मग ब्रेक बघायला का सापडत नाही?

म्हणून माझी मागणी एवढीच आहे, मुद्देसूद लिहितो.

1. पहिलं पाऊल छोटं ठेवा. खासगी कारची मालकी बदलताना तपासणी सक्तीची करा. यंत्रणेवर ताण कमी, फायदा लगेच. मग पाच वर्षांवरच्या गाड्यांना दोन वर्षांनी आणि दहा वर्षांवरच्या गाड्यांना दरवर्षी.

2. तपासणी आरटीओच्या खिडकीत नको. फक्त तपासणाऱ्या, दुरुस्ती न करणाऱ्या केंद्रांत हवी. नियम तयार आहेत, खासगी गाड्यांना लागू करा.

3. निकाल नंबर टाकून कुणालाही फुकट दिसायला हवा. मालकाचं नाव-पत्ता झाकून ठेवा, गाडीची तब्येत झाकू नका. मीटरचं रीडिंग प्रत्येक वेळी नोंदवा.

4. हायब्रिडसाठी वेगळा तक्ता करा. इंजिन मुद्दाम चालू ठेवून धूर मोजा, रोलरवर ब्रेक मोजा, केशरी केबल आणि बॅटरीचं कवच डोळ्यांनी तपासा, आणि गाडीच्या संगणकातून बॅटरीच्या आरोग्याची नोंद घ्या. ब्रिटननं जे भोक ठेवलंय ते आपण का ठेवायचं? तपासणाऱ्यांना उच्च दाबाच्या यंत्रणेचं प्रशिक्षण द्या, नाहीतर एखाद्या पोराचा जीव जाईल.

5. हे सुरू झालं की वयाची रेघ पुसून टाका. पास झाली तर वीस वर्षांची गाडी चालू दे. नापास झाली तर चार वर्षांचीही थांबवा.

कुणी म्हणेल, घाई काय आहे? घाई आहे. टोयोटा आणि मारुतीच्या या गाड्यांना बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, जे आधी होईल ते. 2022 ची गाडी 2030 ला त्यातून बाहेर पडेल, जास्त पळालेली त्याच्या आधीच. तोवर ती दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेली असेल, शहरातून तालुक्याला, तालुक्यातून गावाला. तिथं कंपनीचं वर्कशॉप नाही, केशरी केबलला हात लावू नये हे सांगणारं कुणी नाही. त्या दिवशी नियम करायला बसलो तर उशीर झालेला असेल.

तोपर्यंत जुनी हायब्रिड घेणाऱ्यांनी एवढं करा. कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसचा पूर्ण इतिहास काढून घ्या आणि प्रत्येक नोंदीतलं मीटर जुळवा. स्वतः पैसे भरून तिथं बॅटरीची तपासणी करून घ्या, आणि मालक नको म्हणाला तर उठून या. बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरीला थंड हवा आत घेणारी जाळी सीटच्या आसपास असते, ती शोधा. धुळीनं, केसांनी चोंदलेली असेल तर बॅटरी किती तापली असेल याचा अंदाज येतो. चाकांच्या फटीतून मागच्या डिस्क बघा. गालिचा उचलून गाळाचा वास घ्या. आणि वॉरंटीचे किती महिने, किती किलोमीटर उरलेत ते कागदावर बघा, विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका.

पण हे सगळं करायला मी तुम्हाला सांगतोय, हेच मुळात चूक आहे. दूध भेसळीचं आहे की नाही हे प्रत्येकानं घरी तपासून घ्यावं, असं म्हणणारं सरकार आपण खपवून घेऊ का? मग बाराशे-पंधराशे किलोचं लोखंड शंभरच्या वेगानं आपल्या पोराबाळांच्या शेजारून जातं, त्याची तपासणी मात्र ज्याची त्यानं बघून घ्यावी?

तुमच्या आमदाराला, खासदाराला टॅग करा. परिवहन मंत्र्यांना करा. साधा प्रश्न विचारा, माझ्या शेजारून जाणाऱ्या गाडीचे ब्रेक शेवटचे कुणी आणि कधी तपासले? उत्तर आलं तर मलाही कळवा.

(पटलं तर शेअर करा, कॉपी-पेस्ट केलंत तरी चालेल. नाही पटलं तर कारणासकट भांडा, मी इथंच आहे.)